चौथ्या फोटोतला दात

श्रीकृष्ण दबीर गेले, त्याच्या सातव्या आठवड्यात त्यांना परदेशातून नोकरीसाठी बोलावणं आलं.

बोलावणं आयर्लंडमधल्या कॉर्क नावाच्या शहरातल्या एका डेंटल लॅबचं होतं. आलं ते त्यांच्या मेलवर, आणि वाचलं ते त्यांच्या मुलीनं, शर्वरीनं. तिनं मेल उघडला होता वेगळ्याच कामासाठी. दोन-तीन दवाखान्यांना कळवायचं राहिलं होतं, त्यांचे पत्ते तिला हवे होते. सुदामा नगरमधल्या घराच्या पुढच्या खोलीत बाप-लेक मिळून दात बनवत. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे, सोबत दाताच्या रंगाचा म्हणजे शेडचा नंबर. इथे सिरॅमिकचे थर चढवून, भट्टीत भाजून कॅप तयार व्हायची. आता त्या खोलीत स्टुलं दोन होती आणि माणूस एक. कळवायचं होतं ते एवढंच, पण तेवढं वाक्य काही तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून ती नुसती मेल वाचत बसली होती.

नोरा नावाच्या लॅबमालकिणीनं लिहिलं होतं: प्रिय एस. एस. दबीर, तुमच्या कामाचे फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले. उत्तराला उशीर झाला, माफ करा. चौथ्या फोटोतला दात ज्यांनी केला त्यांची आम्हाला गरज आहे. येत्या गुरुवारी व्हिडिओवर बोलता येईल का?

शर्वरीनं ते तीनदा वाचलं. मग तिनं पाठवलेल्या मेलचा कप्पा उघडला.

बाबांनी अकरा महिन्यांत एक्केचाळीस लॅबना लिहिलं होतं. एजंट नाही, जाहिरात नाही, मधे कोणीच नाही. प्रत्येक लॅबची वेबसाइट उघडून मालकाचं नाव शोधायचं, त्यांनी केलेल्या दातांचे फोटो बघायचे आणि थेट त्या माणसालाच लिहायचं, अशी त्यांची पद्धत दिसत होती. पत्राचं पहिलं वाक्य दर वेळी वेगळं होतं. तुमच्या तिसऱ्या फोटोतल्या सुळ्याची मान फार नैसर्गिक आहे. तुमच्या ब्रिजमध्ये हिरडीजवळचा पिवळा थोडा जास्त वाटतो, पण टोकं उत्तम. नोकरी मागणाऱ्या माणसानं मालकाच्या दातात खोट काढायची, हे बाबाच करू जाणोत. सगळे मेल दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान गेलेले. त्या वेळी ती तयार कॅपा घेऊन दवाखान्यांच्या फेरीवर असायची. म्हणजे हे तिच्यापासून लपवून चाललं होतं, एवढं नक्की.

नक्की तेवढंच होतं. बाकी सगळा गोंधळ.

कारण श्रीकृष्ण सदाशिव दबीर म्हणजे एस. एस. दबीर, आणि शर्वरी श्रीकृष्ण दबीर म्हणजेसुद्धा एस. एस. दबीर. आपल्याकडे मधे बापाचं नाव लागतं, त्याचा हा परिणाम. लग्न झालं असतं तर तिचं मधलं अक्षर बदललं असतं. ते झालं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी ती लॅबमध्ये रीतसर बसायला लागली तेव्हा बाबांनी एस.एस.डी. असा एकच रबरी शिक्का करून आणला होता. “घे. दोघांत एक. कुणाचं काम बिघडलं ते डॉक्टरला कधी पता लागणार नाही,” असं म्हणून ते स्वतःच हसले होते.

अर्ज इंग्रजीत होते. मराठीत लिहिताना माणूस ‘मी करतो’ किंवा ‘मी करते’ असं काहीतरी लिहितोच. इंग्रजीतल्या ‘आय’ला ना मिशी ना कुंकू. अर्जासोबतच्या माहितीच्या पानावरही तेच. अनुभव: बावीस वर्षं. बाबांनी पोलोग्राउंडमधल्या लॅबची नोकरी सोडून स्वतःची लॅब काढली त्याला बावीस वर्षं झाली होती. आणि त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत, आठवीतल्या शर्वरीनं पहिल्यांदा मेणाचा दात कोरला होता. भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी (सावकाश). सावकाश इंग्रजी बाबांचं; तिचं इंग्रजी चांगलं होतं. छंद: वाचन. वाचायची ती. बाबा पेपर वाचायचे, तोही मागच्या पानावरून.

ती स्वयंपाकघरात गेली. सुहासिनीबाई भेंडी पुसत होत्या.

“आई, बाबा परदेशात नोकरी शोधत होते?”

“कोण, हे?” आईनं भेंडी खाली ठेवली. “बासष्टाव्या वर्षी?”

“तुला काही बोलले होते का?”

आईनं बराच विचार केला. “जानेवारीत एकदा म्हणाले होते. मटार सोलत बसले होते. म्हणाले, तिकडची थंडी सोसेल का?”

“मग?”

“मी म्हटलं, स्वेटर घातलं की सोसते.”

“पण कोणाला सोसेल?”

“ते कुठे म्हणाले? नुसतं ‘सोसेल का’ म्हणाले. मला वाटलं, काश्मीरची ट्रिप बिप.”

शर्वरी ओट्याला टेकून उभी राहिली. इंग्रजीनं बाई-पुरुष लपवला होता, आणि मराठीनं तर माणूसच गाळून टाकला होता.

रविवारी मामाचा मुलगा निशांत कचोरी घेऊन आला. तो कंप्युटरच्या कंपनीत होता आणि घरातल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे तयार उत्तर असे. त्यानं माहितीचं पान वाचलं, बोटं पुसली आणि निकाल दिला.

“ताई, सीधी बात आहे यार. तुझ्यासाठी होतं. बासष्ट वर्षांच्या माणसाला कोण व्हिसा देतो?”

“त्यांना ते माहीत होतं का पण?”

“छंद वाचन लिहिलंय न! काकांनी आयुष्यात एक पुस्तक वाचलं का?”

“इंग्रजी सावकाश लिहिलंय,” शर्वरी म्हणाली. “मी सावकाश बोलते?”

“तू मतलब... तू विचार करून बोलते.”

“आणि माझ्यासाठी होतं तर मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू गेली असती?”

शर्वरीनं माहितीचं पान पुन्हा स्वतःकडे ओढलं.

“आणि गाव कोणतं म्हणालीस?” आतून आईनं विचारलं.

“कॉर्क, आत्या.”

“कॉर्क म्हणजे बूच ना रे?”

“हो. बाटलीचं बूच.”

“गावाचं नाव बूच?” आई दारात आली. “मग हे स्वतःच जाणार असणार. असल्याच ठिकाणी जायची हौस त्यांना.”

निशांत हसला, आईही थोडं हसली. कचोरीच्या कागदावर तेलाचा डाग पसरत होता. सगळ्यांनाच ‘भिया’ म्हणणारा निशांत उठताना म्हणाला, “भिया, एवढं डीप नको जाऊ. त्यांना चौथ्या फोटोवाला हवाय न? तो दात तू केला असेल तर हो म्हण. नसेल तर सॉरी लिही. खतम.”

खतम म्हणणं सोपं होतं. त्या रात्री जेवताना आणि दुसऱ्या दिवशी भट्टी तापेपर्यंत शर्वरीच्या डोक्यात तेच राहिलं. कारण चौथा फोटो तिलाही उत्तम वाटला होता.

वरचा, समोरचा दात. बाजूला थोडा वाकडा सुळा. दाताच्या अंगात, अगदी वरच्या थराच्या खाली, केसाएवढी एक उभी चीर. म्हाताऱ्या माणसाच्या खऱ्या दातात अशी चीर असते, आणि ती नंतर रंगवून आणता येत नाही. थर चढवतानाच आत ठेवावी लागते. ती चीर तिनं ठेवली होती का? आठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचं काम. त्या काळात रोज सात-आठ कॅपा जायच्या, आणि एकाच दातावर दोघांचे हात फिरायचे. मेण त्यांचं तर थर तिचे, थर त्यांचे तर शेवटची चकाकी तिची.

पण एक खूण होती. बाबा डावखुरे होते. त्यांच्या ब्रशची कुठलीही रेघ खाली येताना डावीकडे कलायची, तिची उजवीकडे. फोटोतली चीर डावीकडे कललेली होती. हिशेब संपायला हवा होता. पण बाबा तोंडातल्या दाताचा फोटो छोट्या आरशातून काढायचे, आणि मग कधी मोबाइलवर तो उलटा करून सरळ करायचे, कधी विसरायचे. डावं-उजवं त्या फोटोवरून सांगता येत नव्हतं. कामाच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात तिला त्या दाताची चिठ्ठी सापडली. उदयसिंह मोहिते, महू. खाली शिक्का: एस.एस.डी.

मंगळवारी ती महूला गेली.

उदयसिंह मोहिते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, हे त्यांनी तिला पाणी देता देता सांगितलं. फोनवर तिनं ‘तुमचा दात बघायचा आहे’ एवढंच म्हटलं होतं.

“बेटा, तीस साल नोकरी केली, कितनी इन्स्पेक्शनं पाहिली,” ते म्हणाले. “पण कोणी तोंडाच्या इन्स्पेक्शनला घरी आलं नव्हतं. काही डिफेक्ट निघाला का? कंपनी वापस बोलावते, तसं?”

“नाही. दात चांगला आहे. मला फक्त एक रेघ बघायची आहे.”

“मग बघा.” ते खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले, सावधान उभं राहावं तसे ताठ, आणि तोंड उघडलं.

शर्वरीनं बॅगेतून भिंग काढलं. अंगणातला उजेड थेट दातावर पडत होता. चीर दिसली. ती शर्वरीच्या ब्रशच्याच दिशेनं, उजवीकडे कललेली होती. तिनं जागा बदलून पुन्हा पाहिलं. उजवीकडेच.

“झालं?” उदयसिंहांनी तोंड मिटून विचारलं.

“हो. काका, तुम्हाला आठवतं का, हा दात बसवताना माझे वडील आले होते?”

“आले होते न. लंबे, चष्मेवाले. बसवायच्या आधी ट्रायल असते, तेव्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फिट आहे, बसवून टाकू. तुमचे वडील म्हणाले, नाही, एक हप्ता द्या, घरी नेतो. मला वाटलं काही कमी असेल. हप्त्यानं परत घेऊन आले. मी विचारलं, क्या बदला साहब? तर म्हणाले, काही नाही.”

“काही नाही?”

“काहीच नाही. म्हणाले, हात लावावा असं वाटत होतं, पण जागा सापडली नाही. मी म्हटलं, मग हप्ता माझा फुकट गेला न, सूप पीत बसलो! तर हसले नुसते.” ते खुर्चीत मागे टेकले. “कसे आहेत?”

तिला वाटलं होतं की एव्हाना हे वाक्य जमेल. “फेब्रुवारीत गेले,” ती म्हणाली.

उदयसिंह उठून उभे राहिले. मग आत जाऊन तिच्यासाठी चहा टाकायला सांगून आले.

परतीच्या बसमध्ये खरं तर तिला हलकं वाटायला हवं होतं. दात तिचा होता. आठवडाभर घरी ठेवून बाबांना त्यात हात घालायला जागा सापडली नव्हती, आणि हे त्यांनी तिला सोडून एका अनोळखी सुभेदाराला सांगितलं होतं. पण राऊ येईपर्यंत हलकं वाटणं संपलं. दात तिचा, म्हणजे अर्ज तिच्यासाठी होता. किंवा दात तिचा, आणि बाबांनी तो आपला म्हणून पाठवला होता. दोन्ही वाक्यांची सुरुवात एकच होती. दात जितका तिचा, तितका बाप एक तर मोठा होत होता नाही तर लहान, आणि कुठला ते विचारायला माणूस नव्हता. तिला त्यांचा राग आला. सात आठवड्यांत पहिल्यांदाच आला, आणि तो आल्यावर तिला रडूही आलं. शेजारच्या बाईनं काही न विचारता खिडकी थोडी उघडली.

घरी आल्यावर आईला तिनं सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं.

“यांनी तुझं काम आपलं म्हणून दिलं असतं?” आई म्हणाली.

“मला माहीत नाही.”

“मलाही नाही,” आई म्हणाली. आईनं ‘छे, छे’ म्हणावं असं शर्वरीला वाटत होतं. आई तसं म्हणाली नाही. “चाळीस वर्षं होते माझ्याबरोबर. कधी कधी मला वाटायचं, यांना कुठे तरी जायचंय. कधी वाटायचं, कुठेच नाही. मी विचारलं नाही. तू जाणार असशील तर जा. माझं काय ते मी बघीन. पण त्यांनी पाठवलं म्हणून जाऊ नकोस, आणि त्यांनी चोरलं म्हणून राहू नकोस.”

बुधवारी तिनं नोराला ‘चालेल’ एवढंच कळवलं. गुरुवारी दुपारी अडीचला कॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजले होते. पडद्यावर पांढऱ्या केसांची, एप्रन घातलेली बाई आली. मागे बाकावर तेच सगळं होतं: ब्रश, मेणाची ठोकळी, प्लास्टरचे जबडे. शर्वरीनं वाक्यं पाठ करून ठेवली होती. ती सगळी विसरून ती म्हणाली, “मला आधी एक सांगायचं आहे. तुम्हाला ज्यांनी लिहिलं ते माझे वडील होते. ते आता नाहीत.”

नोरानं हातातलं पेन खाली ठेवलं. ती हळू बोलत होती, शर्वरीइतकीच हळू. वाईट वाटलं म्हणाली. मग तिनं विचारलं, “म्हणजे तुम्ही कोण?”

“मीही एस. एस. दबीर.”

“हं,” नोरा म्हणाली. “मग आता हे मला जरा कळतं. थांबा.” तिनं एक कागद शोधून काढला. “आमच्या साइटवर अर्जासोबत एक फॉर्म भरावा लागतो, तो त्यांनी भरला होता. त्यात एक प्रश्न आहे: मिस्टर की मिस? त्यांनी उत्तर लिहिलंय: येस.”

“काय?”

“येस. एवढंच. आम्ही सगळे हसलो होतो. आम्हाला वाटलं, भाषेची अडचण असेल.”

शर्वरीला हसू फुटलं, आणि ते थांबवता येईना. बाबांना प्रश्न कळला नव्हता का? की चांगलाच कळला होता? टाइप करताना चष्मा कपाळावर नेणारे, दोन बोटांनी एकेक अक्षर शोधणारे बाबा तिला दिसले, आणि त्या चेहऱ्यावरूनही काही सांगता येत नव्हतं.

“चौथा फोटो कुणाचा?” नोरानं विचारलं.

“माझा.”

“आणि बाकीचे सात?”

इथे ‘माझे’ म्हणणं शक्य होतं. कोणी महूला जाऊन पाहणार नव्हतं. “काहींमध्ये आम्ही दोघं आहोत,” ती म्हणाली. “कुठे कोण, ते मला वेगळं काढता येत नाही. चौथाही ते आठवडाभर जवळ ठेवून बसले होते. त्यांनी काही केलं नाही. पण त्यांनी नजर घातली होती, आणि माझं प्रत्येक काम त्यांच्या नजरेखालून गेलंय. त्यांच्याशिवाय मला काय जमतं, ते मला अजून माहीत नाही.”

नोरानं तो कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, “मलाही माहीत नाही. तर असं करू. एखाद्या खऱ्या माणसाच्या तोंडातला समोरचा दात निवडा आणि त्याचा जुळा तयार करा. शेड घेण्यापासून शेवटपर्यंत, एकट्यानं. व्हिडिओ काढा, आणि दात कुरिअरनं पाठवा. मग पुढचं बोलू. नाही आवडला तर तसं सांगीन.”

“ठीक आहे,” शर्वरी म्हणाली. जायचंय की नाही हे तिला त्या क्षणीही ठाऊक नव्हतं. दात करायचाय, एवढं होतं.

पडदा बंद झाल्यावर आई दारातून आत आली. “काय म्हणाली बुचाची बाई?”

“एक दात करून मागितलाय.”

“कुणाचा?”

“कुणाचाही चालेल.”

आईनं इकडे तिकडे पाहिलं, जणू घरात आणखी कोणी असावं. मग पदरानं ओठ पुसले आणि खिडकीजवळच्या स्टुलावर येऊन बसली. “माझा घे. पण लवकर, कुकर लावलाय.”

शर्वरीनं फोन तिवईवर उभा केला, रंगांच्या नमुना-पट्ट्यांचं शेड गाइड काढलं. आईनं तोंड उघडलं. शर्वरीनं एक पट्टी दाताशेजारी धरली: ए-थ्री. मग तिच्या पुढची, ए-साडेतीन. पुन्हा ए-थ्री. एक थोडी उजळ होती, एक थोडी मळकट. खरा रंग दोहोंच्या मधे कुठे तरी होता. अशा वेळी मागून कोणी तरी “पहिलीच” किंवा “उजेडात बघ” एवढंच म्हणायचं, आणि ती त्याच्यावर चिडायची. ती थांबली. मागे कोणी काही म्हणालं नाही. तेवढ्यात आईनं उघड्या तोंडानंच काही तरी सांगायला सुरुवात केली, लांबलचक, आवाजात चढउतार असलेलं, पण शब्द एकही नसलेलं.

“आई, बोलू नको. हलतंय.”

आई थांबली. शर्वरीनं डोळे मिटून घेतले, उघडले, आणि पुन्हा पाहिलं. मग कागदावर लिहिलं: मानेला ए-साडेतीन, अंगाला ए-थ्री, टोकाला पारदर्शक, चीर नाही.

“मीट आता तोंड. काय म्हणत होतीस?”

“काय म्हणत होते बरं?” आई आठवू लागली. आत कुकरची शिट्टी झाली. “गेलं डोक्यातून,” असं म्हणून ती उठली, आणि शर्वरीनं साच्यासाठी भांड्यात पावडर ओतली.